डिस्प्लेवर चार, क्रेटमध्ये नऊ: रीफर व्हॅनचं परत परत येणारं दुखणं

एक-दोन रीफर व्हॅन (माल थंड ठेवून नेणाऱ्या गाड्या) चालवणाऱ्या प्रत्येकाने ही तक्रार कधी ना कधी ऐकलेली असते. ड्रायव्हर सांगतो, गाडीने दिवसभर ४ अंश दाखवले. माल घेणारा क्रेटमध्ये थर्मामीटर ठेवून ९ अंश दाखवतो. दोघंही खरं बोलत असतात, म्हणून तर भांडण मिटत नाही. मग मेकॅनिक येतो, गेज लावतो, थंडाव्याच्या यंत्रात थोडा गॅस भरतो. आठवडाभर बरं चालतं आणि मग पुन्हा तेच.

माझ्या गाडीचं हे नाटक एक अख्खा उन्हाळा चाललं. तीनदा गॅस भरला, एकदा सेन्सर बदलला, ड्रायव्हरला नको तेवढं बोललो. शेवटी कळलं की यंत्र पहिल्या दिवसापासून ठणठणीत होतं. त्यामुळे खाली जे लिहितोय ते मी ज्या क्रमाने तपासायला हवं होतं त्या क्रमाने आहे. प्रत्यक्षात तपासलं बरोबर उलट्या क्रमाने, आणि म्हणूनच उन्हाळा गेला.

आधी डिस्प्ले काय दाखवतो ते बघा

बहुतेक व्हॅनमध्ये डिस्प्लेवरचा आकडा परतीच्या हवेचा असतो. पंखा थंड हवा मागच्या दरवाज्याकडे फेकतो, ती मालावरून फिरून पुन्हा पुढे येते, कॉइलमध्ये (हवा गार करणाऱ्या नळ्या-पत्र्यांच्या जाळीत) शिरायच्या तोंडाशी सेन्सर बसलेला असतो. तो मालाला कधी शिवतही नाही. हवा नीट फिरत असेल तर परतीच्या हवेवरून मालाचा अंदाज येतो. फिरत नसेल तर तो आकडा फक्त सेन्सरच्या आसपासच्या वीतभर जागेचा.

सेन्सर खोटं बोलतोय का, हे घरच्या घरी कळतं. बर्फाचा चुरा घ्या, फटी भरतील एवढंच पाणी घाला, ढवळा, थर्मामीटरचं टोक भांड्याला न टेकवता चार-पाच मिनिटं आत धरा. ० अंशाच्या अर्धा अंश इकडेतिकडे दाखवलं तर ठीक. आधी हातातला थर्मामीटर असा तपासायचा, मग त्याच्याशी गाडीचा सेन्सर ताडून बघायचा. मी सेन्सर बदलला तेव्हा जुना अगदी बरोबर होता. बर्फाचा पेला तेव्हा सुचला नाही.

आता तीन छोटे डेटा लॉगर, म्हणजे तापमानाची सतत नोंद ठेवणारी यंत्रं, मिळवा. एक मागच्या दरवाज्यापाशी वरच्या क्रेटमध्ये, एक गाडीच्या मध्यावर तळाशी, एक पुढे थंड हवेच्या तोंडासमोर. लॉगर मालाच्या पाकिटांमध्ये दाबून ठेवायचा. हवेत टांगलेला लॉगर दार उघडताच उड्या मारतो आणि उगाच घाबरवतो. त्यासोबत एक साधी वही ठेवा: किती माल, किती थर, किती थांबे, कोणत्या क्रेटची तक्रार. ही वही पहिल्या आठवड्यात सुरू केली असती तर ही पोस्ट लिहायची वेळ आली नसती.

रिकाम्या गाडीची चाचणी

हे एक काम अर्धी कारणं बाद करतं. गाडी रिकामी, दारं बंद, सेटपॉइंट (यंत्रावर लावलेलं तापमान) नेहमीचा, तिन्ही लॉगर आत. उन्हाच्या वेळी दोन-तीन तास रस्त्यावर चालवा, दार उघडू नका. तिन्ही लॉगर सेटपॉइंटजवळ येऊन टिकले तर यंत्र आणि बॉडी दोन्ही बऱ्यापैकी ठीक आहेत. दोष भरण्यात, मालात किंवा दारात शोधा. तापमान खाली येतच नसेल किंवा येऊन पुन्हा चढत असेल, तर मेकॅनिककडे जायचं कारण आहे.

यात एक फसगत आहे. कॉइलवर बर्फ साचण्याचा दोष या चाचणीत दिसत नाही, कारण बंद गाडीत बाहेरचा दमटपणा आत येतच नाही. त्याबद्दल पुढे.

माल चढतानाच गरम होता का?

रीफर व्हॅनबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हा की ती माल थंड करते. तिचं काम थंड मालाचा थंडपणा टिकवणं. थंड करायला कोल्डरूम असते, तिची यंत्रणाच वेगळ्या ताकदीची असते.

हिशोब करून बघा. समजा ५०० किलो दूध ४ अंशांऐवजी १२ अंशांवर चढलं. एक किलो दूध एका अंशाने थंड करायला सुमारे ३.९ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ५०० किलोचे ८ अंश म्हणजे १५,६०० किलोज्यूल, विजेच्या भाषेत ४.३ युनिट. गाडीचं यंत्र २ किलोवॅटचं असेल आणि त्याने बाकी काहीच केलं नाही, तरी याला दोन तासांहून जास्त वेळ लागेल. प्रत्यक्षात तेवढ्यातही होत नाही, कारण गच्च रचलेल्या क्रेटच्या पोटातून उष्णता बाहेर यायलाच वेळ लागतो. बाहेरचा थर गार, आतला कोमट. परतीची हवा बाहेरच्या थरावरून येते, म्हणून डिस्प्लेवर ४.

चढवताना चार क्रेट निवडा: एक वरचा, एक तळाचा, दोन ढिगाच्या मधले. दोन पाकिटांच्या मध्ये थर्मामीटर दाबून धरा आणि आकडा वहीत लिहा. मधला क्रेट गरम निघाला तर तो ढीग चढवू नका. गोदामातल्या माणसांशी यावरून वाजतं, पण नंतर माल घेणाऱ्याशी वाजण्यापेक्षा हे स्वस्त.

गाडीच्या भिंतींचंही तेच. उन्हात उभ्या असलेल्या बॉडीच्या पत्र्यात आणि आतल्या अस्तरात उष्णता भरलेली असते. माल चढवण्याआधी बंद दारांनी अर्धा ते एक तास गाडी गार करून घ्या. माल चढवताना मात्र, गाडी उभी असलेली जागा गार नसेल तर, यंत्र बंद ठेवा. उघड्या दारात चालू राहिलेला पंखा बाहेरची दमट हवा आत ओढतो आणि कॉइलवर बर्फाचा पाया घालतो.

सहावा थर

माझ्या गाडीचा दोष इथे होता.

आमचे क्रेट पाच थरांत जायचे. ऑर्डर वाढल्या तेव्हा कुणीतरी सहावा थर सुरू केला. कुणीतरी म्हणजे मीच. दुसरी फेरी वाचते म्हणून खूशही झालो होतो. सहाव्या थराने छत आणि माल यांतली फट जवळजवळ बुजली. पंख्यातून निघालेली थंड हवा समोरच्या क्रेटवर आपटायची, तिथूनच खाली वळायची आणि थेट परतीच्या तोंडात शिरायची. सेन्सरला ती हवा गारच लागायची. सेन्सर म्हणायचा ४ झाले, यंत्र बंद. मागच्या दरवाज्यापाशी १० अंश आणि यंत्र निवांत. यंत्र फारसं चालतच नव्हतं, हा पुरावा डोळ्यांसमोर होता. आम्ही त्याला डिझेल वाचतंय असं समजत होतो.

मेकॅनिकला हे कधीच दिसलं नाही, कारण गाडी त्याच्याकडे जायची ती रिकामी. आणि गॅस भरल्यावर आठवडाभर बरं वाटायचं ते एवढ्याचसाठी, की तक्रारीनंतरचे चार दिवस ऑर्डरच कमी असायच्या.

तेव्हा हे बघा. मालाच्या वर, पंख्याच्या तोंडापासून मागच्या दारापर्यंत, वीतभर मोकळी जागा हवी. पुढच्या भिंतीजवळ, जिथून हवा परत शिरते, तिथे कार्टन टेकलेलं नको. उभी जाळी किंवा पट्ट्या लावून अंतर राखता येतं. मागच्या दारालाही माल चिकटवू नका. जमिनीवर नाल्या असतील तर त्या कार्टनच्या तुकड्यांनी, प्लास्टिकने बुजलेल्या नाहीत ना, हे आठवड्यातून एकदा बघा. पॅलेटला गुंडाळलेलं प्लास्टिक माल बांधून ठेवतं, हवाही अडवतं.

गोठलेल्या आणि नुसत्या गार मालात एक फरक आहे. आधीच −१८ अंशांवर असलेला माल एकमेकांना चिकटवून गठ्ठा करून ठेवला तर चालतो, उष्णता बाहेरून येते आणि हवा गठ्ठ्याभोवतीने फिरली की पुरे. फळं-भाज्या मात्र गाडीतही श्वसन करत असतात आणि स्वतः उष्णता सोडतात. त्यांच्या मधून हवा जायला हवी.

सहावा थर काढला त्या दिवशी मागचा लॉगर ५ अंशांवर आला. मी छताखाली वीतभर अंतरावर तिन्ही बाजूंनी लाल पट्टा रंगवला. त्याच्या वर माल नाही.

दार

दार उघडलं की डिस्प्ले १५ वर जातो आणि सगळे घाबरतात. बंद केलं की दहा मिनिटांत ४ वर येतो आणि सगळे निर्धास्त होतात. दोन्ही वेळा चूक. हवा हलकी असते, लगेच तापते, लगेच गार होते. माल जड असतो, सावकाश तापतो आणि त्याहून सावकाश गार होतो. एका उघडण्याने माल बिघडत नाही. वीस उघडण्यांनी बिघडतो आणि डिस्प्लेला त्याचा पत्ता नसतो.

पुन्हा थोडा हिशोब. १० घनमीटरची बॉडी, बाहेर ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता, आत ४ अंश. आतली सगळी हवा बदलली तर ती नुसती गार करायला साडेतीनशे किलोज्यूलच्या आसपास उष्णता काढावी लागते. पण त्या हवेत दीड-दोनशे ग्रॅम पाणीही आत येतं, ते कॉइलवर जमताना आणखी साडेचारशे किलोज्यूल देतं. म्हणजे दमटपणाचा भार उष्म्यापेक्षा जास्त. दोन्ही मिळून ०.२२ युनिट, २ किलोवॅटच्या यंत्राला सात मिनिटांचं काम. थांबे दर दहा मिनिटांनी असतील आणि त्यातली पाच मिनिटं इंजिन आणि त्यासोबत यंत्रही बंद, तर यंत्र दिवसभर मागेच धावत राहतं. वीस थांब्यांचे साडेचार युनिट होतात, म्हणजे वर बघितलेल्या गरम दुधाएवढाच भार.

उपाय साधे आहेत आणि कंटाळवाणे. माल उतरवण्याच्या क्रमाने भरा, म्हणजे शोधाशोध होत नाही. पावती, सही, गप्पा आधी, दार नंतर. प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावा आणि ड्रायव्हर तो बाजूला बांधून ठेवत नाही ना, ते बघा. (बांधतातच. पट्ट्या तोंडावर आपटतात, कुणाला आवडत नाहीत. जरा अरुंद आणि मऊ पट्ट्या लावल्या तर भांडण कमी होतं.) दार उघडताच पंखा थांबवणारा स्विच असेल तर तो चालतोय का, तपासा. वीसेक थांब्यांची फेरी असेल तर बाजूचं छोटं दार वापरा, मागचे दोन्ही पल्ले उघडू नका.

चार तास बरं, मग चढत जातं

हे लक्षण ओळखायला शिका. सकाळी उत्तम, अकरापर्यंत उत्तम, मग तापमान हळूहळू वर आणि पंख्यातून येणारी हवा मंद. गाडी रात्रभर बंद राहिली की दुसऱ्या दिवशी पुन्हा उत्तम. हे कॉइलवर बर्फ साचल्याचं लक्षण. वीस थांब्यांत तीन-चार किलो पाणी आत येतं, ते कॉइलच्या पातळ पत्र्यांमध्ये गोठतं आणि हवेची वाट बंद करतं. सेटपॉइंट ४ अंश असला तरी कॉइल स्वतः शून्याखाली असते, तेव्हा ‘आमचा माल गोठवलेला नाही, बर्फ कसा होईल’ हे म्हणणं टिकत नाही.

मेकॅनिकला काही सापडत नाही, कारण गाडी गॅरेजमध्ये पोचून त्याने झाकण उघडेपर्यंत बर्फ वितळलेला असतो. तापमान चढलेलं असतानाच रस्त्याकडेला गाडी लावून कॉइलचा फोटो काढा. पांढरी भिंत दिसली तर प्रश्न सुटला.

मग डीफ्रॉस्टकडे, म्हणजे यंत्र ठराविक वेळाने कॉइलवरचा बर्फ वितळवतं त्याकडे, वळा. किती तासांनी होतो आणि पुरेसा वेळ चालतो का? जास्त थांब्यांच्या, दमट दिवसांत अंतर कमी करावं लागतं. वितळलेलं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली असेल तर पाणी ट्रेमध्येच पुन्हा गोठतं आणि दरवेळी बर्फ वाढत जातो. नळीत कोमट पाणी ओतून बघा, खाली पडायला हवं. बर्फ खुरपून काढायच्या भानगडीत पडू नका. स्क्रूड्रायव्हरने कॉइलला भोक पडलं की मग मात्र गॅसचा प्रश्न खरा होतो.

सिग्नलला उभी असताना

छोट्या व्हॅनमध्ये बहुधा गाडीचं इंजिनच पट्ट्याने कंप्रेसर (गॅस दाबणारा पंप) फिरवतं. इंजिन मंद फिरलं तर थंडावा कमी, बंद झालं तर शून्य. वाहतूक कोंडीत तासभर अडकलेली गाडी चालू असते, डिस्प्ले चालू असतो, पण यंत्र अर्ध्या ताकदीवर असतं. तक्रारी नेमक्या कोंडीच्या वेळेच्या असतील तर हे कारण धरा. पट्टा सैल होऊन घसरत असेल तर आणखी वाईट. लांब थांबा ठरलेला असेल तर बाहेरच्या विजेवर चालणारी स्टँडबाय मोटर लागते, ती नसेल तर थांब्याची वेळ बदला.

यंत्र जाणूनबुजून बंद ठेवलं जातंय का, तेही लॉगर सांगतो. ड्रायव्हरवर ओरडण्याआधी त्याला डिझेलच्या सरासरीवर बक्षीस कोण देतंय ते बघा. आमच्याकडे तेही मीच ठरवलं होतं.

बॉडी आणि रबर

दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी दर वीतभरावर हे करा. खालचे कोपरे आणि दोन पल्ल्यांच्या मधली जागा सगळ्यात आधी जातात. दुसरी तपासणी: भर उन्हात आत बसून दार लावून घ्यायचं आणि उजेड कुठून येतो ते बघायचं. यंत्र बंद हवं, आतून दार उघडणारी मूठ चालते याची आधी खात्री करायची आणि बाहेर माणूस उभा हवा.

भिंतीतला फोम ओला होणं हा छुपा रोग आहे. अस्तराला चीर पडते, धुतानाचं पाणी आत मुरतं, ओला फोम उष्णता रोखत नाही. भिंतीवर टिचकी मारली की आवाज बदललेला वाटतो, बाहेरच्या पत्र्याच्या त्या भागावर घाम येतो. नाशवंत अन्नाच्या वाहतुकीसाठी १९७० मध्ये जिनिव्हात झालेल्या एटीपी करारात बॉडीच्या उष्णतारोधाचा आकडाच ठरवून दिला आहे: भारी इन्सुलेशनसाठी दर चौरस मीटरला, दर अंशाला ०.४० वॅटपर्यंत, साध्यासाठी ०.७० पर्यंत. वरच्या १० घनमीटरच्या बॉडीचं क्षेत्रफळ २८ चौरस मीटर धरलं तर ३५ अंशांच्या दिवशी पहिलीतून ३५० वॅटच्या आसपास उष्णता आत येते, दुसरीतून ६०० वॅट. फोम भिजला की हा आकडा वाढतच जातो. त्या करारात सहा वर्षांनी बॉडीची पुन्हा तपासणी आहे, ती उगाच नाही.

आणि मग गॅस

आता गॅसची पाळी. त्याआधी कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी बाहेरची जाळी, धुवा. धूळ आणि किडे यांनी भरलेला कंडेन्सर उष्णता बाहेर टाकू शकत नाही आणि त्याची लक्षणं गॅस कमी असल्यासारखीच वाटतात. पाणी हलक्या धारेने, पत्र्या वाकणार नाहीत असं.

कॉइल स्वच्छ, बर्फ नाही, पंखा जोरात, कंप्रेसर सतत चालू, तरीही बाहेर पडणारी आणि परत येणारी हवा यांत नेहमीपेक्षा फारच कमी फरक, तेव्हा गॅसचा संशय रास्त. पण गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती शोधल्याशिवाय नुसता वरून भरून देणाऱ्याला थांबवा. आर-४०४ए, आर-४५२ए हे मिश्र गॅस आहेत. गळतीनंतर उरलेला काढून, गळती बुजवून, वजन करून पूर्ण भरून घेणं चांगलं.

उलटी तक्रार: माल गोठला

मागे गरम म्हणून सेटपॉइंट ४ वरून १ वर आणणं हा सगळ्यांचा पहिला उपाय असतो. माझाही होता. त्याने मागचा माल फारसा सुधारत नाही आणि पंख्यासमोरचा गोठतो, कारण सेटपॉइंट ४ असतानाही तोंडातून निघणारी हवा शून्याखाली असू शकते. लशींची वाहतूक करणाऱ्यांनी हे डोक्यात कोरून ठेवावं. बहुतेक लशींना २ ते ८ अंश लागतात. हिपॅटायटिस बी किंवा डीपीटीसारखी लस एकदा गोठली की वाया गेली, आणि वितळल्यावर वरवर बघून ते कळेलच असं नाही. केळी तर १३ अंशांखालीच काळवंडायला लागतात, तेव्हा त्यांना दुधासोबत एका कप्प्यात घालू नका. वेगवेगळ्या तापमानाचा माल एकाच गाडीत न्यायचाच असेल तर मधली भिंत आणि दोन कॉइल हव्यात. ताडपत्रीचा पडदा म्हणजे भिंत नव्हे.

वाटेतच माल तापलेला सापडला तर

पुन्हा गार करून गुपचूप पोचवू नका. क्रेटवर खूण करा, तो वेगळा ठेवा, कोणत्या वेळी किती अंश होते ते लिहा आणि लॉगरचा आलेख माल पाठवणाऱ्याला द्या. किती वेळ किती तापलं यावर मालाचं भवितव्य ठरतं आणि ते ठरवायचा अधिकार माल बनवणाऱ्याचा, गाडीवाल्याचा नाही. लॉगर पुसून लगेच दुसऱ्या फेरीला लावू नका. ती नोंद आधी उतरवून घ्या. आम्ही एकदा पुसला होता आणि त्या दिवशी दोष नेमका कोंडीचा होता की सहाव्या थराचा, हे आजही सांगता येत नाही.